सासूबाईंचं वळिवडे: जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

आधी निकाल सांगते. कोल्हापूरजवळचं वळिवडे, जिथं दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता, ते बघायला जरूर जा. पण हॉटेलवाल्यानं ठरवून दिलेली गाडी घेऊन जाऊ नका, आणि हायवेवरच्या तावडे हॉटेल चौकापासून गांधीनगरपर्यंतचा (कॅम्पच्या जागी आता हीच वस्ती आहे) रस्ता भर दुपारी पायी तुडवू नका. आमच्या वाट्याला एकाच दिवशी दोन्ही आलं. त्याचा राग अजून गेलेला नाही, तेव्हा हे जरा तिखट वाटलं तर वाटू दे.

मी पुण्याची, लग्नानंतर इंग्लंडात. माझ्या नवऱ्याची आई पोलिश. तिचं गाव पूर्व पोलंडात होतं, आज तो भाग युक्रेनमध्ये आहे. १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे सोव्हिएत शिपाई दारात आले, सामान बांधायला अर्धा तास दिला आणि सगळ्यांना गुरांच्या डब्यात कोंबून उत्तरेला अर्खांगेल्स्कच्या जंगलात नेलं. सासूबाई तेव्हा सात वर्षांच्या. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला, पोलंड आणि सोव्हिएत सरकारचा करार झाला, तेव्हा कुठं सुटका. वडील जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यात भरती झाले. धाकटा भाऊ उझबेकिस्तानात तापानं गेला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मायलेकी क्रास्नोवोद्स्कहून कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरल्या. तिथं वाळूतच अंगावरचे कपडे जाळले आणि डोकी भादरली. पुढे तेहरान, अहवाझ, जहाजानं कराची आणि १९४३ मध्ये वळिवडे.

तिथं त्या अकराव्या वर्षी आल्या आणि पंधराव्या वर्षी निघाल्या. शाळा, गाइडची शिबिरं, पंचगंगेतल्या डुंबण्या, रात्रीची कोल्हेकुई, मीठ-तिखट लावलेले पेरू. ब्रॅडफर्डच्या स्वयंपाकघरात बसून मी हे इतक्यांदा ऐकलंय की कुणी विचारलं तर तारीखवार सांगेन. जन्मगावाबद्दल त्या फारसं बोलायच्या नाहीत. त्या गेल्यावर नवरा म्हणाला, आईचं गाव म्हणजे वळिवडेच, तिथं जाऊन येऊ. म्हणून गेलो.

आता गाडीचं. हॉटेलवर चौकशी केली तर त्यांनी लगेच 'पोलिश हेरिटेज टूर' काढून दिली. अर्ध्या दिवसाचे साडेचार हजार. ड्रायव्हर म्हणाला, "काय टेन्शन घेऊ नका मॅडम, सगळा कॅम्प हाय तसाच हाय." मी तीन-तीनदा विचारलं, बराकी आहेत का? "हायत की!" आधी त्यानं महावीर उद्यानातल्या पोलिश स्तंभाकडं नेलं. ते शहरातच, नागाळा पार्कच्या बाजूला, कुणीही दहा मिनिटांत जाईल. मग एका पडक्या भिंतीसमोर गाडी उभी केली आणि हाच कॅम्प म्हणून सांगितलं. ती भिंत कसली होती देव जाणे, पण भोवती ऊस होता आणि वस्तीचा मागमूस नव्हता. मग साडीच्या दुकानात. तिथून निघाल्यावर गांधीनगरचं नाव काढलं तर "आत लई ट्रॅफिक असतंय, हजार वाढवून द्या." नवऱ्यानं नाही म्हटल्यावर हायवेला तावडे हॉटेलच्या कोपऱ्यावर उतरवून गडी निघून गेला.

वाटेत त्यानं जामसाहेबांची गोष्टही वळिवड्याची म्हणून सांगितली. हे बरेच जण करतात, म्हणून इथं स्पष्टच लिहिते. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी मुलांना आसरा दिला तो जामनगरजवळ बालाचडीला, १९४२ पासून. ते साधारण हजारभर, बरेचसे अनाथ. वळिवड्याचा कॅम्प वेगळा आणि त्याहून खूप मोठा, सुमारे पाच हजार माणसांचा, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. त्याचा खर्च सुरुवातीला लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार करत होतं. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलं इकडे आली, एवढाच दोन्हींचा संबंध. जामसाहेबांचं ऋण मोठंच आहे, पण कोल्हापूरच्या माळावर जे पाच वर्षं उभं होतं त्याची गोष्ट त्याच्या नावानं सांगितली पाहिजे.

आता तो रस्ता. तावडे हॉटेलपासून गांधीनगरपर्यंत अंतर फार नाही, म्हणून कुणीही म्हणेल चालत जाऊ. नका जाऊ. ही अख्ख्या पट्ट्यातली कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. दोन्ही बाजूंना ट्रक लागलेले, गठ्ठे उतरत असलेले, टेम्पो मागे घेणारा मागे बघत नाही, दुचाकी उलट्या बाजूनं येतात. फूटपाथ आहे असं म्हणायला जागा नाही. जिथं आहे तिथं दुकानाचं सामान. मार्चचं ऊन, धूळ, आणि टेकायला सावलीचं एक झाड धड नाही. माझे पाय चालणारे आहेत, सह्याद्रीत चालून घडलेले, तरी मी अर्ध्यात घायकुतीला आले. नवऱ्याचा गुडघा सुजला. एका पोत्यावर त्याला बसवलं तर दुकानदारानं उठवलं. ट्रेकला जाणाऱ्यांना सांगते, चढण परवडली. तिथं निदान पुढचं पाऊल कुठं टाकायचं ते आपण ठरवतो.

खरा मार्ग सोपा आहे. मिरज-कोल्हापूर लाइनवर वळिवडे नावाचं स्टेशन आहे. पॅसेंजरनं तिथं उतरा, गाड्या मोजक्या आहेत म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा. नाहीतर शहरातून गांधीनगरची केएमटी बस धरा, किंवा सरळ वडापनं, म्हणजे शेअर गाडीनं जा. सगळ्यात स्वस्त तेच आणि लोकही बोलतात. परतताना आम्ही रिक्षा केली तर सुरुवात नऊशेनं झाली. नवरा गोरा दिसतो, त्यामुळं भाव त्याच्याकडं बघून सांगतात. त्याला चार पावलं मागं ठेवून मी कोल्हापुरी आवाजात बोलले तेव्हा अडीचशेवर आलं. ज्यांच्याबरोबर परदेशी पाहुणा आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि बराकी? कॅम्प म्हणून काही शिल्लक नाही. हे मान्य करूनच जा म्हणजे चिडचिड होणार नाही. १९४८ पर्यंत पोलिश लोक निघून गेले आणि फाळणीत सिंधमधून आलेली कुटुंबं त्याच बराकींत राहायला आली. तेच पुढं गांधीनगर झालं. बराकींच्या जागी दुकानं, दुकानांवर मजले. वळिवडे गावात २०१९ च्या सप्टेंबरमध्ये उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. तो उभारला तेव्हा, लहानपणी कॅम्पात वाढलेली, ऐंशी-नव्वदीतली मंडळी परदेशांतून आली होती. स्तंभ चांगला आहे, बघायला पाच मिनिटं लागतात.

मला जे मिळालं ते स्तंभाजवळ मिळालं नाही. थकून एका होजिअरीच्या दुकानात पाणी मागितलं. गल्ल्यावर एक सिंधी काका, ऐंशीच्या घरातले. सासूबाईंचा फोटो दाखवला: कौलारू छप्पर, चटईच्या भिंती, पुढं ओटा, ओट्यावर चार मुली आणि एक पत्र्याची बादली. काकांनी चष्मा काढून फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "बसा ताई, हे आमचं घर आहे. म्हणजे असंच होतं."

त्यांचे आईवडील सिंधमधल्या शिकारपूरहून निघाले, आधी कल्याणच्या कॅम्पात आणि मग इथं आले. काका तेव्हा चालायला लागलेले. त्यांनी आम्हाला दुकानामागच्या गोदामात नेलं. तिथं सिमेंटच्या भिंतीखाली घडीव दगडाचं जोतं अजून दिसतं, आणि वर एक जुनी तुळई ठेवलीय. तुळईत लोखंडी कडं, पार गंजलेलं, आतल्या बाजूनं मात्र घासून गुळगुळीत झालेलं. "आईनं धाकट्या बहिणीचा पाळणा याला बांधला," काका म्हणाले. "पण कडं आम्ही नाही ठोकलं. आम्ही आलो तेव्हा होतंच." नवरा उंच आहे, त्यानं हात वर करून त्या कड्यात बोट घातलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मी काकांशी बोलत राहिले, कारण मला त्याच्याकडं बघवेना.

ही सासूबाईंची बराक होती असं मी म्हणत नाही. फोटोच्या मागं बराकीचा नंबर आहे, पण आजच्या गल्ल्यांशी तो जुळवायची सोय नाही, आणि तुम्हाला कुणी जुळवून देतो म्हणालं तर पैसे देऊ नका. पण एका मुलखातून उखडलेल्या बायकांनी सोडलेल्या घरात दुसऱ्या मुलखातून उखडलेल्या बाईनं पाळणा बांधला, हे मला कुठल्याही फलकावर वाचायला मिळालं नसतं. काकांच्या आईला शिकारपूर पुन्हा दिसलं नाही. सासूबाईंनाही त्यांचं गाव दिसलं नाही. १९४५ मध्ये याल्टाला दोस्त राष्ट्रांची परिषद झाली आणि तो भाग सोव्हिएत हद्दीत गेला, मग परत जायचं कुठं? वडील इटलीतल्या मोंते कासिनोच्या लढाईतून वाचून इंग्लंडात पोचले होते. म्हणून १९४७ च्या अखेरीस मायलेकी मुंबईहून बोटीनं तिकडं गेल्या. आधी लष्करानं सोडलेल्या विमानतळावरच्या पत्र्याच्या अर्धगोल झोपड्या, मग ब्रॅडफर्डची लोकरीची गिरणी. पत्र्याच्या झोपडीतली पहिली थंडी सांगताना त्या नेहमी म्हणत, वळिवड्यात निदान ऊन होतं.

तर तिथं गेल्यावर 'हेरिटेज' विचारू नका. जुन्या दुकानातले म्हातारे गाठा आणि "तुमचे घरचे इथं कधी आले?" असं विचारा. फोटो कागदावर छापून न्या, मोबाइलवरचा फोटो त्या डोळ्यांना दिसत नाही. सकाळी दुकानं उघडताना जा, गिऱ्हाईक आलं की कुणाला वेळ नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. पावसाळ्यात पंचगंगा फुगते, त्या वेळी जाऊ नका.

महावीर उद्यानातला १९९८ चा स्तंभ आणि ख्रिस्ती दफनभूमीतल्या पोलिश कबरी एका सकाळी होतात. दफनभूमी चुकवू नका, कॅम्पातून जे पुढं कुठंच जाऊ शकले नाहीत ते तिथं आहेत. फुलं महाद्वार रोडला घ्या. क्षयाच्या पोलिश रुग्णांना पाचगणीला पाठवत, म्हणून तिथंही जाऊन आलो. छान झालं, सांगण्यासारखं काही नाही.

तुमच्याही घरात कुणी या कॅम्पशी जोडलेलं असेल, आणि कोल्हापूर-सांगलीकडं दूध, भाजी, बांधकाम, दवाखाना या कामानं तिथं जाणारे पुष्कळ होते, तर त्यांना आत्ताच बसवून बोलतं करा आणि रेकॉर्ड करा. परदेशातल्या नातेवाइकांनी लंडनच्या पोलिश इन्स्टिट्यूट आणि सिकोर्स्की संग्रहालयात चौकशी करावी. तिथं जाताना नावाचं पोलिश स्पेलिंग, जन्मवर्ष आणि वडिलांची पलटण एवढं हाताशी ठेवा. आणि गांधीनगरला सपाट तळाचे, बंद बूट घाला, त्या रस्त्यावर सँडल टिकत नाही.