तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनी बुडणार हे कुठलं मॉडेल नीट सांगतं?

बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले तरी दर फेब्रुवारी-मार्चमध्ये हा प्रश्न येतोच. ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलीचा एमबीएचा प्रोजेक्ट असतो आणि विषयही ठरलेला: दिवाळखोरीचं भाकीत, चार मॉडेलांची तुलना. "काकू, ऑल्टमन घेऊ की ओल्सन? अचूकता कुणाची जास्त?" मी उलट विचारते, तू कर्ज कुणाला देतेयस? पलीकडे शांतता.

अमेरिकन प्राध्यापक एडवर्ड ऑल्टमन यांचा झेड-स्कोअर 1968 चा. अमेरिकेतल्या 66 उत्पादक कंपन्या, त्यातल्या 33 बुडालेल्या आणि 33 तगलेल्या. नफा, भांडवल, विक्री अशा आकड्यांची पाच गुणोत्तरं, प्रत्येकाला ठरावीक वजन, आणि बेरीज म्हणजे झेड. 2.99 च्या वर निर्धास्त, 1.81 च्या खाली धोका, मधे करडा पट्टा. बुडण्याच्या एक वर्ष आधीच्या ताळेबंदावर हे सूत्र 95 टक्के बरोबर निघालं, दोन वर्षं आधीच्या ताळेबंदावर बुडालेल्यांतल्या 72 टक्केच ओळखता आल्या. तेही ज्या कंपन्यांवरून सूत्र बसवलं त्यांच्यावरच. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर 95 असतो, 72 मला कुठे दिसलेला नाही. बँकेला गरज मात्र त्या दोन वर्षं आधीच्या इशाऱ्याची असते. शेवटच्या वर्षी शाखेतल्या शिपायालाही कळलेलं असतं.

निम्म्या बुडालेल्या, निम्म्या चांगल्या, अशी खाती कुठल्या शाखेत असतात? लेखाशास्त्राचे अभ्यासक जेम्स ओल्सन यांनी 1980 मध्ये 105 बुडालेल्या कंपन्यांसमोर 2058 चांगल्या ठेवल्या आणि उत्तर गुणांत न देता शक्यतेत दिलं. त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त आवडतो: ज्या ताळेबंदावरून भाकीत करता, तो त्या दिवशी कुणाच्या हातात होता का? काही कंपन्यांचे हिशेब दिवाळखोरीचा अर्ज झाल्यावर बाहेर आले होते. आमच्याकडे मार्चचा ऑडिट झालेला ताळेबंद यायला ऑक्टोबर उजाडायचा, आणि तोवर सीसी खात्यात (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याच्या रोजच्या खर्चासाठीचं कर्ज) सात महिने उलटलेले.

अचूकतेचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. समजा 1000 कर्जदार आहेत, त्यातले 20 बुडणार आहेत आणि तुमचं मॉडेल दोन्ही बाजूंनी 90 टक्के बरोबर आहे. मग बुडणाऱ्यांतले 18 सापडतील, 2 निसटतील आणि धडधाकट 980 पैकी 98 जणांवर विनाकारण लाल शेरा पडेल. म्हणजे 116 लाल फायली आणि त्यात खरे आजारी 18. निसटलेल्या दोघांत मुद्दल जातं, उगाच नाकारलेल्यांत व्याजाचं उत्पन्न आणि गिऱ्हाईक जातं. यातलं तुम्हाला काय जास्त महाग, ते ठरल्याशिवाय कुठलं मॉडेल चांगलं हे ठरत नाही. म्हणून तो "कुणाला देतेयस?"

शेअर बाजारात नोंद असलेली कंपनी असेल तर अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांच्या 1974 च्या कल्पनेवरची मॉडेलं आहेत, भाव आणि त्याचे चढउतार यांवरून अंदाज बांधणारी. टायलर शमवे यांचं 2001 चं काम मला सगळ्यांत पटतं. एकच वर्ष न उचलता कंपनीचं प्रत्येक वर्ष मोजायचं, आणि जुन्या गुणोत्तरांतली निम्मी-अर्धी कामाची नाहीत हे सांगायला ते कचरले नाहीत. कंपनी नोंदणीकृत असेल तर मी हेच घ्यायला सांगते. बँका आणि एनबीएफसींना (बँक नसलेल्या कर्ज कंपन्यांना) झेड लावू नका. त्यांची विक्री आणि मालमत्ता यांचं गुणोत्तर मुळातच एवढुसं, गुण कमीच पडणार. मशीन लर्निंगचं म्हणाल तर आकडे छान येतात, पण कर्ज नाकारताना नोटमध्ये कारण काय लिहायचं?

आता एक खातं सांगते. एमआयडीसीतली एक फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, प्रायव्हेट लिमिटेड. शेअरला बाजारभाव नाही, म्हणून ऑल्टमन यांचंच 1983 चं खासगी कंपन्यांसाठीचं सूत्र लावलं; त्यात धोक्याची रेघ 1.23 वर आहे. सोयीसाठी आकडे गोल करते. मालमत्ता 10 कोटी, खेळतं भांडवल 1 कोटी, साठलेला नफा दीड, व्याज-कराआधीचा नफा 60 लाख, स्वतःचं भांडवल अडीच, देणी साडेसात, विक्री 14 कोटी. झेड आला 1.92. करडा पट्टा. पण त्या 1.92 मधले जवळजवळ 1.40 एकट्या विक्रीचे!

ज्यांच्याकडून पैसे येणं होतं त्यांची यादी चाळली. दीड कोटीची उधारी वर्षभर जागची हललेली नव्हती. ती बुडीत धरून पुन्हा गणित मांडलं. नफा गेला, भांडवल एक कोटीवर आलं, खेळतं भांडवल उणे झालं, तरी झेड 1.33. रेघेच्या वरच! कारण मालमत्ता साडेआठवर आल्याने विक्रीचं गुणोत्तर उलट वाढलं. बुडीत पैसे काढून टाकले म्हणून सूत्राने तेवढ्या एका रकान्यात शाबासकी दिली.

मग विक्रीच बघायची ठरवली. लाइट बिलं मागवली. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत एक टन धातू वितळवायला ढोबळ 600 युनिट लागतात. कागदावर विक्री आदल्या वर्षापेक्षा वाढलेली, लोखंडाचा भाव होता तिथेच, आणि बिलातली युनिटं मात्र पाचव्या हिश्श्याने घटलेली. मालकांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, नवीन भट्टी फार वीज वाचवते." नवीन भट्टी मालमत्तेच्या यादीत नव्हती.

सत्यम या आयटी कंपनीचं तुम्हाला आठवत असेल. 7 जानेवारी 2009 च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केलं की ताळेबंदातले 5040 कोटी रुपये मुळात नाहीतच. त्या ताळेबंदाला 1968 चं सूत्र लावा की 1980 चं, ते पैसे खरेच धरले जाणार.

फाउंड्रीची कर्जाची लिमिट वाढवायची शिफारस मी केली नाही. तीन महिन्यांनी त्यांनी खातं दुसऱ्या बँकेत नेलं. त्या बँकेच्या अधिकाऱ्याने फोन करून विचारलं होतं, "झेड तर ठीक दिसतोय, अडलं कुठे?" मी म्हटलं, लाइट बिलं मागवा.