मग तुमची पोरं वाचणार कधी?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नाहीतर याचं उत्तर देणं मी केव्हाच सोडलं होतं. शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी, एसटीत, पालकसभेत, माहेरच्या लग्नाच्या पंगतीत, कुठेही गेले तरी हे ऐकावं लागतं: "बाई, तुम्ही इंग्रजीच्या तासाला चित्रं दाखवता, गोष्टी सांगता, छान वाटतं बघायला. पण मग तुमची पोरं वाचणार कधी?"

शाळा कुडाळ तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. एवढं सांगितलं की बाकीचं तुम्हाला कळतं, त्यामुळे त्यात शिरत नाही.

मी सांगते ती गोष्ट काऊ-चिऊचीच. पावसात शेणाचं घर वाहून जातं आणि कावळा चिऊच्या दारात उभा राहतो. "स्पॅरो, स्पॅरो, ओपन द डोअर!" चिमणी आतून म्हणते, "वेट, आय ॲम बेदिंग माय बेबी." पुन्हा दार ठोठावलं की "वेट, आय ॲम फीडिंग माय बेबी." मग "ड्रेसिंग", मग "कोंबिंग". व्याकरणाच्या पुस्तकात चालू वर्तमानकाळाच्या वाक्यांची रांग असते, तीच ही रांग. फक्त दाराबाहेर कुणीतरी भिजत उभं आहे, म्हणून मुलं ती परत परत म्हणायला तयार होतात. चित्रं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेनने काढलेली. मला चित्रकला येत नाही. माझ्या कावळ्याला मुलांनी कोंबडा म्हटलेलं आहे.

गोष्ट मुलांना आजीकडून आधीच ठाऊक असते आणि मी ती मुद्दामच निवडते. पुढे काय होणार हे शोधण्यात डोकं अडकलं नाही की कान भाषेकडे लागतात. नवी गोष्ट आणि नवी भाषा एकदम दिली तर मूल दोन्ही सोडून खिडकीबाहेर बघतं. पिंगुळी आमच्या तालुक्यातलीच. ठाकर समाजातले चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र समोर धरून रामायणातले प्रसंग गात सांगत आले. 2021 साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षणात कुणीतरी मला ऐकवतं, "तुमच्याकडे तर परंपराच आहे." आहे ना. पण ती कशाच्या जोरावर चालली ते बघायला कुणी थांबत नाही. समोर बसलेल्या माणसाला सीतेचं हरण होणार हे आधीच माहीत असतं. चित्र त्याला बातमी देत नाही, आपण गोष्टीत कुठवर आलो ते दाखवतं.

आणि चित्र काही सगळ्यांना सारखं कळत नाही. भिंतीवरच्या तक्त्यावर आय फॉर इग्लू असतं. आमची पोरं त्याला बिनदिक्कत घुमटी म्हणतात, आणि चुकतात असं मला वाटत नाही. पुस्तकात कडेला अर्धीच गाय छापली असेल तर पहिलीतलं मूल विचारतं, हिचे मागचे पाय कोणी तोडले? ज्या घरात चित्रांची पुस्तकं नाहीत तिथल्या मुलाला चित्र वाचायलासुद्धा शिकवावं लागतं. "चित्र दाखवलं की झालं" असं म्हणणाऱ्यांना हे सांगून मी दमले.

मी स्वतः अशी शिकवत नव्हते. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा मी नोकरीत नवी होते. माझं स्वतःचं इंग्रजी पाचवीपासूनचं. मी सुरात म्हणून घ्यायचे, "सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर." वर्ग दणाणून जायचा. रस्त्यावरून जाणाऱ्याला ऐकू यायचं की आत इंग्रजी चाललंय.

माझ्यातली ती तरुण बाई अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, माझ्या मुलांच्या वहीत पानभर शब्द असायचे, बाप ती वही शेजाऱ्याला दाखवायचा. तुझी मुलं घरी काय दाखवतात? मी म्हणते, तुझ्या मुलांना मांजराचं स्पेलिंग यायचं, पण छपरावर मांजर बसलंय एवढं इंग्रजीत सांगता यायचं नाही. ती म्हणते, कुठल्या परीक्षेत विचारतात ते? इथे माझं उत्तर अडतं. माझ्याकडे दाखवायला असतं ते खिचडीच्या रांगेत. शेजारचा ढकलतोय आणि दुसरीतली मुलगी तोंडात घास धरून त्याला सुनावते, "वेट, आय ॲम ईटिंग!" गोष्टीत ईटिंग कुठेच नाही. वाक्याचा साचा तिने चिमणीकडून उचलला आणि आतला शब्द आपला घातला. भाषा येते ती अशीच. पण हे घडतं खिचडीच्या रांगेत, आणि तिथे तपासणी नसते.

आता ज्या दिवसामुळे हा प्रश्न मला इतका झोंबतो, तो सांगते.

जुलै होता, बाहेर धो धो चालू. तपासणीला एक अधिकारी आले होते. मी काऊ-चिऊच काढलं, कारण पावसात ती गोष्ट आपोआप रंगते. तिसरीतला एक मुलगा होता. त्याची आई काजूच्या कारखान्यात जायची. तो चित्रं माझ्याकडून काढून घ्यायचा आणि लहान मुलांना स्वतः सांगायचा, कावळ्याचा आवाज घोगरा, चिमणीचा बारीक. त्या दिवशी त्याने साहेबांसमोर अख्खी गोष्ट सांगितली. कोंबिंग झाल्यावर कावळ्याने पुन्हा दार ठोठावलं आणि आतली चिमणी म्हणाली, "वेट, आय ॲम गोइंग टू टॉयलेट." वर्ग लोळायचा बाकी राहिला. साहेबही हसले. माझी मान ताठ झाली, खोटं कशाला सांगू.

मग साहेबांनी पुढे होऊन चित्रावर पंजा ठेवला. चित्राखाली मी ठळक अक्षरात ओळ लिहिलेली होती, ती तेवढी उघडी ठेवली. म्हणाले, "आता वाच."

मुलाने आधी पंजाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग धाडधाड म्हणून टाकलं, "स्पॅरो, स्पॅरो, ओपन द डोअर." साहेबांनी शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. "हा कोणता?"

"स्पॅरो."

"आणि हा?"

"बेबी." त्या ओळीत बेबी नव्हतं.

"बरं, हा?"

यावर तो काही बोलला नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता, तरी गप्प झालेला वर्ग मला वेगळा ऐकू येत होता. साहेबांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला रागवायला सोपं गेलं असतं. त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं, बस म्हणाले, आणि मुलांसमोरच मला म्हणाले, "बाई, याला वाचन म्हणत नाहीत. हे चित्र बघून पाठ म्हणणं आहे." शेरेबुकात लिहिलं की इंग्रजी वाचन समाधानकारक नाही, चित्रांऐवजी शब्दवाचनावर भर द्यावा. खाली मी सही केली.

दुसऱ्या दिवशी मी चित्रं त्याच्यापुढे धरली. म्हणाला, "नको बाई, माका वाचूक येना नाय." आदल्या दिवसापर्यंत त्याला हे माहीतच नव्हतं. गोष्ट येते म्हणजे इंग्रजी येतं, इतका साधा त्याचा हिशेब होता. नंतर तो कोरसमध्ये ओठ हलवायचा, आवाज नाही. टॉयलेटवाली चिमणी बाकीच्यांनी उचलली आणि पुढे कितीतरी दिवस चालवली, पण त्याने कधी नाही.

मग त्याची आई आली, कारखान्यातून परत जाताना. हातांवर काजूच्या चिकाचे काळे डाग. "बाई, तेका पयली एबीसीडी शिकवा. गोष्टी आमी सांगतों घराक." मी समजवायला लागले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली की तिठ्यावर पिवळी गाडी येते, त्यात त्याच्याच वयाची पोरं इंग्रजी वाचतात. पुढच्या जूनमध्ये तो त्या गाडीने गेला. आमच्या शाळेचा पट वीसच्या आसपास घुटमळतो. एक मूल गेलं म्हणजे काय, ते ज्यांच्या शाळेवर समूह शाळेची, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची, टांगती तलवार आहे त्यांना विचारा.

आता, साहेब बरोबर होते का? वाचनाबद्दल होते. चित्रावरून अंदाज करणं म्हणजे वाचणं नव्हे. ज्या 2000 साली आपल्याकडे पहिलीत इंग्रजी आलं, त्याच साली अमेरिकेत नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञांच्या समितीचा अहवाल आला. अक्षरांचे आवाज पद्धतशीर शिकवले तर मुलांना वाचायला अधिक चांगलं येतं, असा त्यातला एक निष्कर्ष. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

पण तो अहवाल तोंडावर कुणी मारला की मी विचारते, ती मुलं कुठली? तिथल्या बहुतेक मुलांच्या घरात दाराला डोअरच म्हणतात. अक्षरं जोडून तोंडातून डोअर निघालं की मुलाच्या डोळ्यांपुढे दार उभं राहतं. माझ्या मुलाने तीच अक्षरं जोडली तर तोंडातून एक आवाज निघतो आणि डोळ्यांपुढे काहीच येत नाही. शब्द आधी कानात असावा लागतो, आणि तो कानात घालायला माझ्याकडे घरचं इंग्रजी नाही, इंग्रजी बोलणारा शेजार नाही. गोष्ट आहे. कोमेनियस या युरोपातल्या शिक्षणतज्ज्ञाने 1658 साली न्यूरेंबर्गला मुलांना लॅटिन शिकवायला चित्रांचं पुस्तक काढलं, त्यात चित्रातल्या वस्तूंना आकडे घातले आणि लॅटिनच्या शेजारी मुलांची जर्मन ठेवली. म्हणजे चित्र आणि घरची भाषा हे माझं खूळ नाही. मी तर मधे मालवणीही चालू देते, त्यावर वेगळी बोलणी खाते.

साहेबांनी वाचन तपासलं आणि शेरा लिहिला तो सांगण्यावर, ही माझी तक्रार. "चित्रांऐवजी" या जागी "चित्रांबरोबर" लिहिलं असतं तर मी आनंदाने सही केली असती. पण मग तरुण बाई विचारते, तू तरी बरोबरीने कुठे करत होतीस? ओळ ठळक लिहिलीस, पण तिच्यावर बोट ठेवून कधी शिकवलंस?

आता तासाचा शेवटचा भाग मी आवाजांना देते. मोठी अडचण तिथेच सुरू होते, आणि ती प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एकालाही दिसत नाही. स्पॅरो, डोअर, वेट, कोंबिंग, एकही शब्द नवशिक्याला अक्षरं जोडून वाचण्याजोगा नाही. कोंबिंगमधला बी तर उच्चारायचाच नसतो, आणि मी बरेच दिवस तो उच्चारत आले, कारण मला कुणी गोष्ट सांगून इंग्रजी शिकवलं नव्हतं. उलट ज्या गोष्टींतले शब्द जोडून वाचता येतात, त्यात जाडं मांजर चटईवर बसतं आणि पुढे काहीच होत नाही. ती गोष्ट दुसऱ्यांदा ऐकायला मूल थांबत नाही. ऐकावीशी वाटणारी गोष्ट वाचता येत नाही, वाचता येणारी ऐकावीशी वाटत नाही. दोन्ही एकत्र साधणारं काही मला अजून सापडलेलं नाही. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर चित्रांच्या गोष्टी फुकट मिळतात, पातळीनुसार लावलेल्या असतात, त्या मी मोबाइलवरून दाखवते. पण आमच्या पावसात वीज आणि रेंज एकदमच जातात आणि मी परत कॅलेंडरच्या पाठीवर येते.

सहकारी म्हणतात, शेरा बसला तशी बाई वाकली. पालक म्हणतात, बाई हट्टी आहे. दोन्ही थोडं थोडं खरं आहे.

तो मुलगा आता इंग्रजी वाचतो असं त्याची आई बाजारात भेटली की सांगते. एकदा त्याची वही तिने पिशवीतून काढून दाखवली. धड्याखालची प्रश्नोत्तरं, सुवाच्य, लाल पेनाच्या बरोबरच्या खुणा, शब्द न् शब्द पाठ केलेली. म्हणजे पाठांतर झालंच, फक्त चित्र गेलं. हे लिहिताना मला बरं वाटतंय, आणि तसं वाटणं मला आवडत नाही. तो वाचतोही असेल. बाजारात उभं राहून मी काही त्याची परीक्षा घेतली नाही.

तर तुमचा प्रश्न. काही मुलं तिसरीत वाचतात, काही चौथीच्या शेवटाला, काही पाचवीला दुसऱ्या शाळेत गेल्यावर, जिथे त्याचं श्रेय दुसऱ्या कुणाला मिळतं. काही तेव्हाही नाही. एक आकडा सांगून तुम्हाला गप्प करता आलं असतं तर केव्हाच केलं असतं.

बघायचंच असेल तर जुलैत या. फक्त कुठल्या मुलाला चित्राकडे बोट दाखवून "व्हॉट इज धिस?" विचारू नका; तो कावळा आहे हे तुम्हालाही दिसतंय आणि त्यालाही. विचारायचं तर विचारा की चिमणी दार का उघडत नाही. उत्तर अर्धं मालवणीत येईल, ते चालवून घ्या. आणि वाचणार कधी, ते निदान त्या दिवशी विचारू नका.