कन्हारीची वाट

पहाटे साडेपाचला नागपूर जिल्ह्यातल्या मांढळच्या चौकात गाडीवरून सहा सायकली उतरवल्या, तेव्हा हवेत ओल्या मातीचा वास होता. मार्चचा पहिला आठवडा. रात्री कुणाच्या ध्यानीमनी नसताना पाऊस पडून गेला होता. मी तेव्हाच वाट बदलायला हवी होती. नाही बदलली. पुढच्या सत्तर किलोमीटरची रेघ मी स्वतः नकाशावर आखली होती आणि जानेवारीत एकट्यानं ती चालवूनही पाहिली होती. पण जानेवारीत जमीन कोरडी होती.

सायकलस्वारांना वैनगंगेच्या खोऱ्यातून फिरवणं हे माझं काम. आमच्या सायकली ग्रॅव्हल बाइक म्हणून विकल्या जातात. हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र चाळीस मिलिमीटर रुंद आणि ट्यूबलेस. हवा पस्तीस पीएसआयच्या आसपास ठेवली की मुरूम, गिट्टी, धुऱ्यावरची पायवाट, सगळीकडून ती मजेत जाते. डांबर सोडून गावामागच्या पांदणीनं जायचं, नदी दिसत राहील असं जायचं, हा सगळा खेळ त्यासाठीच. त्या दिवशी माझ्यासोबत पाच जण होते. तिघे नागपूरचे, एक निवृत्त बँक अधिकारी अमरावतीचे आणि एक मुलगी पुण्याहून आलेली.

मांढळहून सुरुवात करायचं कारण मी प्रत्येक वेळी सांगतो. इथल्या जमिनीतून वाकाटकांचे ताम्रपट निघाले आहेत. याच कुही तालुक्यात अडमला मातीच्या तटाआड सातवाहनांच्या काळातलं नगर उत्खननात सापडलं. आज या गावांतून जाताना धानाच्या बांध्या म्हणजे खाचरं, बोड्या म्हणजे लहान तळी, दारात उभी बैलबंडी एवढंच दिसतं. सोळाशे वर्षांपूर्वीही माणसं याच पाण्याला धरून राहिली होती, हे एकदा कळलं की प्रत्येक टेकाडाकडे नजर वेगळी जाते. मला तरी तसं होतं.

आंभोऱ्याला साडेआठला पोचलो. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी, पाच नद्या इथं एकत्र येतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ, हरिनाथांची समाधी, आणि खाली 2024 मध्ये खुला झालेला केबलचा उंच पूल. देवळाच्या पायऱ्यांवरून पाणी समुद्रासारखं पसरलेलं दिसतं, कारण खाली पवनीजवळ गोसेखुर्दचं धरण आहे आणि हा सगळा त्याचा फुगवटा. नागपूरचं सांडपाणी घेऊन येणारी नागनदी कन्हानमार्गे इथंच येऊन मिळते. काठाला हिरवी जलपर्णी साचलेली असते. पुण्याच्या मुलीनं तिचं कौतुक केलं, तेव्हा ही जलपर्णी कुठल्या पाण्यावर पोसलीय ते मी तिला सांगितलं. नागपूरकर म्हणून मला ते दर वेळी सांगावंच लागतं.

अकराच्या सुमारास आम्ही त्या पांदणीला लागलो. तीन किलोमीटरचा तुकडा, दोन्ही बाजूंना पळस पेटलेला, पलीकडे निळं पाणी. पहिले दोनशे मीटर ठीक गेले. मग माझ्या चाकाचा आवाज बदलला. चिखल टायरला नुसता लागत नव्हता, थरावर थर चढत होता आणि त्यात तणसाचे तुकडे मिसळून दोर वळल्यासारखा घट्ट बसत होता. टायर आणि फ्रेममध्ये बोटभरही जागा नसते, ती भरली. चाकं फिरायची थांबली. सायकली उचलून चालायला लागलो तर एकेकीचं वजन दीडपट झालेलं. काडीनं खरवडायचं, दहा पावलं जायचं, परत खरवडायचं.

पुण्याच्या मुलीनं उतरायच्या आधी एकदा जोर लावला आणि कट् असा आवाज आला. मागचा गिअर हँगरपासून तुटून थेट स्पोकमध्ये गेला होता. हँगर म्हणजे गिअर ज्याच्यावर लटकतो तो ॲल्युमिनियमचा लहानसा तुकडा. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम कच्चा केलेला असतो, त्यामुळे तो तुटणं हे त्याचं कामच. माझ्या पिशवीत दोन हँगर होते. दोन्ही बसले नाहीत. प्रत्येक कंपनीचा, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि येताना आपापला घेऊन या हे मी कुणालाच कळवलं नव्हतं. सरळसरळ माझी चूक. तिनं एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, त्यामुळे ती जास्तच लागली.

मी चेन हातात घेऊन बसलो होतो तेवढ्यात धुऱ्यावरून एक म्हातारे गृहस्थ आले. डोक्याला दुपट्टा, हातात विळा. आमच्याकडे बघून ते हसले नाहीत. आधी वाकून त्यांनी चाकावरची माती बोटानं काढली आणि चोळून पाहिली.

"कन्हार व्हय हे, भाऊ. भिजली का बैलाच्या खुरालेबी सोडत नाही. इकडून कोण पाठवलं तुमाले?"

"मीच आणलं, काकाजी. जानेवारीत आलो होतो, तेव्हा रस्ता कडक होता."

"जानेवारीत कडकच राह्यते. वरून पाणी पडलं का मंग नाही." त्यांनी विळ्यानं दूर दाखवलं. "तो पळस संपते ना, तिथून बरडी लागते. बरडीले कितीबी पाणी पडू द्या, पाय भरत नाही. आमच्या जुन्या गावाचा रस्ता तिकडूनच होता."

कन्हार, मोरंड, खरडी, बरडी. या भागातल्या मातीची ही नावं मी ऐकलेली होती. पण ती नावं म्हणजे वाटांचा नकाशा आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. उपग्रहाच्या चित्रात मला कन्हार आणि बरडी सारख्याच दिसल्या होत्या.

ते लगेच आमच्यासोबत येऊ शकत नव्हते. त्यांनी लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीचं पीक, कापून ढीग लावले होते आणि रात्रीच्या पावसात ते भिजले होते. ढीग तसेच राहिले तर आतून तापून दाणा काळा पडणार. एकटेच ते पसरवायला आले होते. बँकेतल्या काकांनी हातमोजे काढले आणि काही न विचारता बांधीत उतरले. मग सगळेच उतरलो. पाऊण तास आम्ही लाखोळी उलटीपालटी करून पसरवली. मधल्या वेळात मी चेन तोडून लहान केली आणि तिची सायकल एकाच गिअरवर आणली. ही खटपट सोपी नाही. मागचं चाक पुढेमागे सरकवता येत नाही, त्यामुळे चेन नेमकी ताठ बसेल असं मागचं दातेरी चक्र शोधावं लागतं. चौथ्या प्रयत्नात बसली.

मग ते पुढे आणि आम्ही मागे. पळस संपल्यावर पायाखाली खरंच बदल झाला. लालसर, खडेदार, कोरडी जमीन. चाकं आपोआप मोकळी होत गेली. थोडं पुढे जुन्या गिट्टीचा रस्ता उघडा पडला आणि एका लिंबाजवळून तो उतरत उतरत थेट पाण्यात शिरला. आम्हाला लिंबापासून डावीकडे वळायचं होतं. काकाजी मात्र तिथं थांबले.

"हा रस्ता आमच्या चावडीपर्यंत जाते," ते म्हणाले. "जाते" म्हणाले, "जायचा" नाही.

गोसेखुर्दची पायाभरणी 1988 मध्ये झाली. राजीव गांधी आले होते. काकाजी तेव्हा तरणे होते आणि ट्रॉलीत बसून ते बघायला गेले होते. पाणी त्यांच्या ओट्यापर्यंत यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. आता घर पुनर्वसनाच्या गावठाणात आहे, सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट. शेत मात्र काठावर थोडं उरलं म्हणून ते रोज इकडे येतात. उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळपेरीला जमीन मिळते, तिथं काही जण काकडी, टरबूज लावतात. पाण्यात बोट दाखवून त्यांनी मारुतीचा पार, शाळा, स्वतःचं घर अशा जागा सांगितल्या. आम्हाला पाणीच दिसत होतं.

"घर दिसते का कधी?" पुण्याच्या मुलीनं विचारलं.

"मे महिन्यात ओटा उघडा पडते, बेटा. चांगलं पाणी हटलं त्या साली. मी जाऊन बसतो थोडा वेळ."

निघताना मी पैसे पुढे केले. त्यांनी माझा हात धरून मागे सारला आणि लाखोळीकडे मान हलवली, म्हणजे हिशेब झालेला होता. फोन नंबर तेवढा घेतला.

उरलेली वाट विशेष काही सांगण्यासारखी नाही. एका गिअरवर ती मुलगी चढावावर उतरून चालत आणि उतारावर पाय थांबवून येत राहिली. कऱ्हांडल्याच्या जंगलाकडचा तुकडा मी गाळला. त्या बाजूला वाघ आहेत आणि उजेड संपत आल्यावर तिकडून माणसं नेणं मला पटत नाही. पवनीत शिरलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. तीन बाजूंनी मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात बौद्ध स्तूप निघाला, त्याच्या दगडी खांबांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली होती. एरवी मी तिथं अर्धा तास बोलतो. त्या संध्याकाळी दोन मिनिटांत आटोपलं. सगळे घाटावर बसून चाकातली माती काडीनं काढत होते, आणि बँकेतले काका प्रत्येक ढेकूळ हातात घेऊन विचारत होते, ही कन्हार का?

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात काकाजींचा फोन आला. "ओटा उघडा पडला, भाऊ. त्या पोरीले सांगा." मी दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो, ऊन चढायच्या आत. लिंबापासून पुढे रस्ता होता तसाच होता, गिट्टी जागच्या जागी. भिंती पडलेल्या होत्या, ओटा होता. त्यावर वाळलेला गाळ भेगाळला होता आणि काकाजी दुपट्टा अंथरून बसले होते. त्यांचा फोटो काढून पुण्याला पाठवला.

आता बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी हँगर आणायला सांगतो. आणि निघायच्या दोन दिवस आधी काकाजींना फोन करतो. गेल्या नोव्हेंबरात आठ जणांची तुकडी ठरली होती. तेव्हा ते म्हणाले, "आत्ता नका आणू. पाणी लिंबापर्यंत आहे, आन् धान कापाचे आहेत, पांदणीत बंड्याच बंड्या राह्यतीन." तुकडी मी डांबरी रस्त्यानं नेली.