कॅनव्हासच्या राहुटीत दोन रात्री: पर्यावरणस्नेही ग्लॅम्पिंगचा वृत्तांत

मुक्काम दोन रात्रींचा, झाडीच्या कडेला, हलक्या उतारावर. निवाऱ्याला सुती कॅनव्हासची ५ मीटर व्यासाची राहुटी, तिच्याखाली जमिनीपासून हातभर उंच लाकडी ओटा, आत पलंग, जाड गादी आणि कोपऱ्यात लाकडावर चालणारी बंद शेगडी. पंधरा-वीस पावलांवर कंपोस्ट संडास आणि वर आभाळ उघडं असलेलं न्हाणीघर. वीज सगळी सोलरची. अशा मुक्कामाला ग्लॅम्पिंग म्हणतात. २०१६ साली हा शब्द ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशातही दाखल झाला. इथली प्रत्येक सोय दिवसाच्या एका ठराविक वेळी भरात असते. ती वेळ धरली तर काहीही कमी पडत नाही. चुकली तर पाणी गार, पांघरूण ओलसर आणि मोबाइल बंद. म्हणून हा वृत्तांत घड्याळाच्या हिशेबानेच दिला आहे.

पोहोचावं दुपारी तीन ते चारच्या दरम्यान, म्हणजे अंधार पडायच्या आत दोन-तीन तास हाताशी राहतात. सामान आत टाकण्याआधी राहुटीभोवती एक फेरी मारावी. दुपारच्या उन्हात ताणदोर सैल पडलेले असतात. कापड जिथे झोळीसारखं लोंबलेलं दिसेल तिथे पावसाचं पाणी साचणार, तेव्हा तो दोर आवळून घ्यावा. पण तारेसारखा ताणू नये, कारण सुती कॅनव्हास आणि सुती दोर भिजले की आखडतात, आणि आधीच कसून बांधलेले दोर रात्रीच्या पावसात खुंट्या उपटून काढतात. खुंटीचं डोकं राहुटीपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं असावं आणि ती जमिनीत साधारण ४५ अंशांत ठोकलेली असावी. मग मान वर करून बघावं. वर वाळकी फांदी लटकत असेल तर वारा सुटायच्या आत जागा बदलून मागावी. यात भीड धरू नये.

पलंग कनातीला टेकलेला असेल तर वीतभर आत ओढावा. भिजलेल्या कॅनव्हासला आतून उशी किंवा पांघरूण सतत चिकटून राहिलं तर पाणी तिथून झिरपू लागतं, आणि गळती नसलेल्या राहुटीतही अंथरूण ओलं होतं.

पाच वाजायच्या आत आंघोळ उरकावी. सोलरच्या टाकीतलं पाणी दुपारी तीन ते पाचच्या सुमारास सगळ्यात गरम असतं, रात्रभरात ते निवतं, आणि सकाळी सातला नळ सोडणाऱ्याच्या वाट्याला कोमटच येतं. पाणी कमी सोडणारा शॉवरही मिनिटाला सात-आठ लिटर सोडतो. चार मिनिटं सलग चालू ठेवला तर एका माणसाला ३० लिटर लागतात, आणि १०० लिटरची टाकी तिसऱ्या माणसापाशी संपते. अंग ओलं करून नळ बंद, मग साबण, मग पुन्हा पाणी, असं केलं तर १२ ते १५ लिटरांत आंघोळ उत्तम होते. साबण तिथला असेल तोच वापरावा. न्हाणीघराचं पाणी खडी आणि पाणगवताच्या वाफ्यातून गाळून जमिनीत सोडलेलं असतं. ब्लीच असलेलं काही त्यात गेलं तर वाफ्यातले जिवाणू मरतात आणि आठवड्याभरात पाणी तुंबून वास सुटतो. ‘जैवविघटनशील’ असं लिहिलेला साबण घेऊन ओढ्यात उतरणं ही सर्रास होणारी चूक आहे. तो साबण विघटित होतो तो मातीतल्या जिवाणूंमुळे. वाहत्या पाण्यात तो माशांना आणि किड्यांना इतर साबणांसारखाच बाधतो. ओढा, तळं, नदी यांच्यापासून किमान ६० मीटर दूर, हा नियम पाळावा.

विजेचा हिशेब बहुतेकांना अवघड वाटतो, पण तो एका कागदावर मावतो. अशा राहुटीला बहुधा १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असते, म्हणजे भरलेली असताना सुमारे १,२८० वॅट-तास. पाच वॅटचे दोन दिवे पाच तास चालले तर ५०. तीस वॅटचा पंखा आठ तास चालला तर २४०. दोन मोबाइल एकदा भरले तर ४० धरावेत. इतकं वापरूनही बॅटरी अर्ध्याच्या वर राहते. गोंधळ होतो तो उष्णता तयार करणाऱ्या वस्तूंनी. विजेच्या किटलीत एक लिटर पाणी उकळायला साधारण १०० वॅट-तास लागतात, म्हणजे पंख्याचे तीन तास. त्याहून मोठी अडचण अशी, की किटली एका क्षणाला १,५०० वॅट खेचते आणि इन्व्हर्टर बहुधा १,००० वॅटचा असतो. तो लगेच बंद पडतो आणि दिवेही जातात. केस वाळवायचं यंत्र आणि इस्त्री यांचंही तेच. पाणी राहुटीबाहेर गॅसवर किंवा आतल्या शेगडीवर उकळावं.

मोबाइल, कॅमेरा, पॉवर बँक भरायची योग्य वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन. दुपारपर्यंत बॅटरी भरली की तिचं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर सोलर पॅनलकडून येणारी वीज आपोआप कमी करतो, म्हणजे ऊन असूनही ती वीज वायाच जाते. त्या वेळी जे भराल ते बॅटरीला न झिजवता मिळतं. रात्री भरलं तर तेच पंख्याच्या वाट्याचं जातं.

कंपोस्ट संडासाविषयी लोक बिचकतात, पण नीट चालवलेल्या संडासाला वास नसतो. वास येतो तो मूत्र आणि मैला एकत्र झाले की. त्यातून अमोनिया सुटतो. म्हणून भांड्याच्या पुढच्या भागात मूत्रासाठी वेगळी वाट असते. पुरुषांनीही बसूनच जायचं, कारण उभं राहिलं की धार मागच्या भागात जाते आणि सगळी रचना फसते. मैल्यावर दर वेळी मगभर लाकडाचा भुसा टाकायचा, अगदी काही दिसणार नाही इतका. भुशाचं काम नुसतं झाकायचं नाही: मैल्यात नायट्रोजन भरपूर असतो, भुशात कार्बन. कार्बन साधारण पंचवीस-तीस पट असला की जिवाणू जोमाने काम करतात. भुसा कोरडा आणि जरा भरड हवा. पिठासारखा बारीक भुसा घट्ट थर होऊन बसतो आणि हवा कोंडते. ओले टिश्यू (वेट वाइप्स), सॅनिटरी पॅड आणि पाणी यांतलं काहीही आत टाकायचं नाही. संडासातली हवा बाहेर नेणाऱ्या नळीच्या वरच्या टोकाला दोन-तीन वॅटचा छोटा पंखा असतो, तो सोलरवर रात्रंदिवस चालतो. आवाज नको म्हणून त्याचं बटण बंद करणारे पाहुणे पुष्कळ, आणि दुसऱ्या दिवशी वासाची तक्रारही त्यांचीच. संडासात शिरताच वास आला तर आधी त्या पंख्याच्या नळीच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरून बघावा. तो ओढला जात नसेल तर दोष तिथेच आहे.

संध्याकाळी गारवा वाढला की शेगडी. जाडजूड ओंडका घालून घाई केली की धूरच होतो. मनगटापेक्षा बारीक फोडलेली, २० टक्क्यांहून कमी ओल असलेली लाकडं हवीत. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणक, वाजणारा आवाज यावा. बद्द आवाज आला तर लाकूड ओलं. पेटवताना हवेची खिडकी पूर्ण उघडी, ज्वाळा धरली की दहा-पंधरा मिनिटांनी अर्धी. राहुटीतली शेगडी लहान असते, दोन-तीन तासांत विझते, आणि पहाटे चारला उठून ती पुन्हा भरायची जिद्द धरू नये. झोपताना तिला विझू द्यावं आणि जाड पांघरूण घ्यावं. जळणातून सुटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो. राहुटीत त्याचा अलार्म आहे का आणि बटण दाबल्यावर वाजतो का, हे आल्या आल्या तपासावं. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा गॅसचा स्टोव्ह राहुटीच्या आत कधीही आणू नये. जेवण झाल्यावर ‘आता नुसते निखारेच आहेत’ म्हणून ऊब घ्यायला आत घेतलेली घमेली माणसं मारतात.

रात्रीची खरी लढाई दमटपणाशी असते. झोपलेली दोन माणसं श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटर पाणी सहज हवेत सोडतात. थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा बंद केल्या की ते पाणी पहाटे गार कापडावर थेंब होऊन बसतं, आणि लोकांना वाटतं राहुटी गळते. वरच्या झडपा उघड्याच ठेवाव्यात आणि वारा नसलेल्या बाजूची कनात खालून चार बोटं उचलून ठेवावी. खालून कोरडी हवा येते, वरून दमट जाते. ओले टॉवेल आत वाळत घालू नयेत. कॅनव्हास थोडा श्वास घेतो, म्हणून त्यात हे निभतं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या घुमटात मात्र पाणी सरळ अंगावर ठिबकतं. त्या घुमटाची सांगाड्याची रचना वाऱ्याला फार उत्तम (अमेरिकी संशोधक बकमिन्स्टर फुलरला तिचं पेटंट १९५४ साली मिळालं), पण त्याची पारदर्शक बाजू पूर्वेला असेल तर सकाळी आठनंतर आत बसवत नाही. घुमट घ्यायचाच तर ती बाजू कुठल्या दिशेला आहे आणि वर उघडणारी खिडकी आहे का, हे आधी विचारावं. आमची पसंती राहुटीलाच.

सकाळी जाग येताच समोरचं दृश्य बघायला कनात गुंडाळून वर बांधायचा मोह होतो. दव वाळेपर्यंत थांबावं. ओली कनात गुंडाळली की घडीत ओल कोंडते आणि दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते घासून जात नाहीत. उलट घासण्याने कापडावरचा जलरोधक थरच निघतो.

तारे बघायचे असतील तर तारीख अमावास्येच्या आगेमागे चार दिवसांत धरावी. डोळ्यांना अंधार सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पडद्यावर एक नजर टाकली की ती मेहनत वाया जाते. लाल उजेडाची डोक्याला बांधायची बॅटरी न्यावी. झाडांवर रात्रभर लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा असतील तर त्या बंद करायला सांगावं. पतंग आणि इतर कीटक त्यांच्याभोवती फिरून थकून मरतात.

खाण्याचा एक बिस्किटाचा पुडाही राहुटीत ठेवू नये. उंदीर पिशवीबरोबर कॅनव्हासही कुरतडतो, आणि तेवढ्या भोकातून पुढे मुंग्यांची रांग लागते. बूट आत घ्यावेत, सकाळी झटकूनच घालावेत. डासांसाठी डीईईटी असलेलं औषध लावलं तर हात पुसूनच चष्मा, घड्याळ किंवा रेनकोटला लावावेत, कारण ते प्लॅस्टिक आणि काही कृत्रिम कापडं विरघळवतं. पिकारिडिन या दुसऱ्या डासरोधकाने तसं होत नाही.

जागा ठरवताना ‘इको’ या शब्दावर जाऊ नये. पाच गोष्टी विचाराव्यात: जनरेटर आहे का आणि दिवसाला किती तास चालतो, सांडपाणी कुठे जातं, ओटा काँक्रीटवर आहे की काढता येणाऱ्या लोखंडी मळसूत्री खांबांवर, पिण्याचं पाणी गाळून देतात की बाटल्यांतून, आणि मैल्याचं खत किमान वर्षभर मुरू देतात का. सरळ, आकड्यांत उत्तरं मिळाली तर जागा बहुधा चांगली असते. शिवाय अशा सहलीत सगळ्यात जास्त इंधन लागतं ते जाण्यायेण्यात. एकेका रात्रीच्या तीन सहलींपेक्षा तीन रात्रींची एक सहल केव्हाही बरी, आणि दमटपणा, पाणी, वीज यांची लय दुसऱ्या दिवशीच अंगवळणी पडते.

निघायच्या दिवशी गादीवरचं पांघरूण मागे टाकून तासभर हवा लागू द्यावी, झडपा उघड्या ठेवाव्यात, इन्व्हर्टर बंद करावा. रिकामा चालू राहिला तरी तो बॅटरी खातच राहतो. शेगडीतली राख मात्र आपण काढू नये. वरून पांढरी, थंड दिसणाऱ्या राखेत निखारा दिवसभराहून जास्त जिवंत राहू शकतो. काढावीच लागली तर झाकणाच्या लोखंडी बादलीत काढावी, आणि बादली ओट्यावर न ठेवता उघड्या मातीवर, राहुटीपासून दूर ठेवावी.