उद्यानातल्या डब्यांची परवानगी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकीपासून फार लांब नसलेल्या एका काउंटीच्या उद्यान विभागात मी नकाशांचे काम करते. पायवाटा, लाकडी साकव, वाहनतळ, दुर्मिळ वनस्पतींचे पट्टे, पडायला आलेली झाडे हे सगळे संगणकावरच्या नकाशात अद्ययावत ठेवणे ही माझी नोकरी. या कामात सहसा कोणाशी वाद घालावा लागत नाही. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मात्र उद्यान समितीपुढे उभे राहून एका खेळाची बाजू मांडण्याची वेळ माझ्यावर आली.

निमित्त झाले ते एका डब्याचे. साकवाच्या फळ्या बदलणाऱ्या आमच्या कामगाराला खालच्या तुळईला टेकवून ठेवलेला, लष्करी अक्षरे छापलेला हिरवा लोखंडी डबा दिसला. असे डबे मुळात बंदुकीच्या गोळ्यांसाठी बनवलेले असतात आणि जुन्या लष्करी सामानाच्या दुकानांत विकत मिळतात. झाकणाला रबरी पट्टी असल्यामुळे आत पाणी शिरत नाही, म्हणून जिओकॅशिंग, म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा जाहीर केलेल्या अक्षांश-रेखांशांवरून जीपीएस यंत्राने शोधण्याचा खेळ, खेळणाऱ्यांची त्यांना पहिली पसंती असते. कामगाराला हे ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. त्याने रीतसर वरिष्ठांना कळवले, पायवाट बंद झाली, पोलिस आले, बॉम्बशोधक पथक आले, आणि डबा उघडल्यावर त्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली एक वही, पेन्सिलीचा तुकडा आणि खेळण्यातला एक बेडूक निघाला. डब्यावर कोणाचे नाव नव्हते, तो कशासाठी आहे हे सांगणारी चिठ्ठीही नव्हती. त्यानंतरच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ठराव आला, की काउंटीच्या सर्व उद्यानांतून असे डबे काढून टाकावेत आणि नवे ठेवण्यास मनाई करावी. ते काढायला जाणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी नकाशा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. जीपीएस उपग्रहांचे नागरी संकेत अमेरिकी सरकार पूर्वी मुद्दाम ढोबळ करून सोडत असे, त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्रावर शंभरेक मीटरची चूक सहज येई. मे २००० च्या सुरुवातीला हा निर्बंध उठला आणि लगेच, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. शोधणाऱ्याने आतली एखादी वस्तू घ्यावी, बदल्यात आपली एखादी ठेवावी आणि वहीत नोंद करावी, एवढाच नियम होता. ती बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती आणि तिच्यात खाण्याच्या पदार्थाचा डबाही होता. आज जमीन खणणे आणि खाद्यपदार्थ ठेवणे या दोन्ही गोष्टींना मनाई असल्यामुळे या खेळाचा पहिला डबा आजच्या नियमांत बसला नसता. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण खेळणाऱ्यांनी जंगलाच्या हिताचे नियम हळूहळू आपणच आपल्यावर घालून घेतले, हे त्यातून दिसते. आज जगभरात तीस लाखांहून अधिक डबे आहेत.

मी स्वतः मुलीबरोबर अधूनमधून हा खेळ खेळते, हे मी आमच्या उद्यान अधीक्षकांना काम हाती घेण्यापूर्वीच सांगितले. मग प्रत्येक डब्याचे जाहीर केलेले स्थान नकाशावर चढवले. ही स्थाने अंश आणि मिनिटांच्या तीन दशांश स्थळांपर्यंत दिलेली असतात. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेला सुमारे १.८५ मीटर, आणि आमच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम दिशेला त्याहूनही कमी. कागदावर हे फार अचूक दिसते, पण हातातले यंत्र मोकळ्या आकाशाखालीसुद्धा तीन ते पाच मीटर चुकते आणि ओक-मेपलच्या दाट पानांखाली त्याहून अधिक. पायवाटांचा आणि दुर्मिळ वनस्पतींचा स्तर त्या बिंदूंवर ठेवल्यावर चित्र स्पष्ट झाले. बहुतेक डबे पायवाटांना चिकटून होते, थोडे वनस्पतींच्या पट्ट्यात शिरले होते आणि एक दलदलीच्या अगदी काठावर होता. हे पाहिल्यावर सरसकट बंदीचा ठराव मला पटेना. मी अधीक्षकांना म्हटले, "तुम्ही काढायच्या डब्यांचा नकाशा मागितलात. राहू द्यायच्या डब्यांचाही एक करू का?" त्यांनी सभेत दहा मिनिटे द्यायचे कबूल केले, मात्र एका अटीवर. ठराव ज्यांच्या आग्रहाने आला होता त्या बाईंबरोबर सभेच्या दिवशी सकाळी मी रानात जाऊन यायचे होते.

त्या निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका आहेत आणि या रानाची देखभाल अनेक वर्षे विनामोबदला करत आल्या आहेत. त्यांनी मला प्रथम वनस्पतींच्या पट्ट्यातल्या एका डब्याकडे नेले. उताराच्या मध्यावर मेपलचे एक उन्मळलेले खोड होते, त्याच्या पोकळीत डबा होता, आणि त्याभोवती एखाद्या खोलीएवढी जमीन तुडवून घट्ट झालेली होती. तिच्या कडेला पांढऱ्या ट्रिलियमची फुले होती, आत मात्र चुरगळलेली पाने उरली होती. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि तीन पानांचे एक रोप बोटाने उचलून धरत म्हणाल्या, "याचे बी मुंग्या वाहून नेतात. रुजल्यापासून पहिले फूल यायला सात-आठ वर्षे लागतात, आणि पाने तुटली तर रोपाला पुढच्या वर्षासाठी काही साठवताच येत नाही. इथे येणाऱ्यांपैकी कोणीही वाईट हेतूने आलेला नाही, हे मला माहीत आहे. तरी हे असे झाले." त्यांच्या बोलण्यात खोडून काढण्यासारखे काही नव्हते.

पण त्या तुडवलेल्या जागेचा घेर मला ओळखीचा वाटला. झाडीखाली यंत्र जेवढे चुकते तेवढाच तो होता. येणारा माणूस बाणाच्या मागे इथवर येतो आणि मग यंत्राला पुढचे काही सांगता येत नाही, म्हणून तो पाने उचलत, खोडे तपासत गोल फिरत राहतो. मी बाईंना पायवाटेने पुढे दुसऱ्या डब्याकडे घेऊन गेले. हिमनदीने उत्तरेकडून वाहून आणून सोडलेली एक मोठी शिळा तिथे वाटेला लागूनच आहे आणि तिच्या भेगेत डबा ठेवलेला आहे. त्याच्या वहीतल्या नोंदी पहिल्या डब्यापेक्षा कितीतरी अधिक होत्या, तरी आजूबाजूचे गवतही मोडलेले नव्हते, कारण "शिळा" एवढी खूण दिली की शोधणारा वाट न सोडता थेट तिच्याकडे जातो. माणसे किती येतात यापेक्षा त्यांना किती शोधावे लागते यावर नुकसान अवलंबून आहे, हे दोन्ही जागा एकापाठोपाठ पाहिल्यावर वेगळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही. बाई शिळेवर बसून ती वही शांतपणे वाचत होत्या. त्यात तारखा होत्या, बर्फातून चालत आलेल्या लोकांच्या नोंदी होत्या, आजोबा आणि नातू अशा जोड्यांच्या सह्या होत्या, आणि एका नोंदीत पुढच्या वळणावर झाड आडवे पडल्याचे लिहिले होते. त्या झाडाची तक्रार आमच्या कार्यालयापर्यंत पोहोचलीच नव्हती.

"पण हे लोक नियम पाळतील याची हमी कोण देणार?" त्यांनी विचारले. मी सांगितले, की कोणताही नवा डबा जाहीर होण्यापूर्वी एक स्वयंसेवक परीक्षक तो तपासतो, दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर आहे ना हे पाहतो, आणि जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचे लेखी धोरण असेल तर त्याबाहेरचा डबा जाहीर करत नाही. आमच्या विभागाचे असे धोरणच नव्हते, त्यामुळे परीक्षकाने कशाच्या आधारावर अडवायचे? शिवाय उद्यानात धावायला, कुत्रे फिरवायला, फोटो काढायला येणाऱ्यांपैकी कोण कुठे गेले याची नोंद कोणाकडेच नसते. हा खेळ खेळणारा मात्र आपण कोणत्या दिवशी कुठे आलो हे स्वतःहून लिहून ठेवतो. बंदी घातली तर ती नोंद नक्की जाईल, डबे मात्र सगळेच जातील असे नाही, आणि नोंद नसलेला डबा पुन्हा कुठल्यातरी साकवाखाली सापडला तर पुन्हा पथक बोलवावे लागेल.

दलदलीपाशी आल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे कोणत्याही अटीवर डबा नको." मी लगेच होकार दिला. हिमनदी मागे हटताना गाळात गाडला गेलेला बर्फाचा प्रचंड तुकडा पुढे वितळून जो खळगा तयार होतो, त्यातली ही दलदल आहे. हिमनदीच्या दोन जिभांमध्ये साचलेल्या गाळाची केटल मोरेन नावाची जी टेकड्यांची रांग आमच्या भागातून जाते, तिच्यात असे खळगे जागोजागी दिसतात. अशा ठिकाणांसाठी या खेळात अर्थकॅश नावाचा प्रकार आहे, जो अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झाला. त्यात काहीही ठेवायचे नसते. येणाऱ्याने वाटेवर उभे राहून जमीन वाचायची, हा खळगा कसा झाला असेल या प्रश्नाचे उत्तर लिहून पाठवायचे, आणि परत जायचे. "प्रश्न मी काढेन," बाई म्हणाल्या. संध्याकाळच्या सभेचा अर्धा निकाल माझ्या मते तिथेच लागला.

सभेत प्रश्न तीन दिशांनी आले. पोलिसांच्या प्रतिनिधीने सुरक्षेचा मुद्दा मांडला, आणि तो रास्त होता. इंग्लंडमध्ये वेदरबी गावात २०११ साली एका कॅफेबाहेरचा असाच डबा लष्कराच्या पथकाने स्फोट करून उडवला होता, हे मी स्वतःच सांगितले. म्हणून लष्करी अक्षरांचे डबे नकोत, डबा पारदर्शक हवा, त्यावर खेळाचे नाव आणि आमच्या परवान्याचा क्रमांक हवा, आणि इमारती किंवा पुलांना लागून काहीही नको, अशा अटी मी मांडल्या. कोणी पडले-झडले तर काउंटीवर दावा होईल का, हे वकिलांना विचारले गेले. त्यांनी राज्याच्या कायद्यातले कलम ८९५.५२ वाचून दाखवले, ज्यात व्यायाम, विरंगुळा किंवा आनंदासाठी बाहेर मोकळ्यावर केलेल्या कृतींबाबत जमीनमालकाला, आणि त्यात सरकारी संस्थांनाही, व्यापक संरक्षण दिलेले आहे. तिसरा प्रश्न शिकारीचा होता. नोव्हेंबरात हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम असतो आणि आमच्या काही जमिनी तेव्हा शिकाऱ्यांसाठी खुल्या असतात. त्या जमिनींवरचे डबे तेवढे दिवस बंद ठेवायचे ठरले.

शेजारच्या वेस्ट बेंड शहराने या खेळामुळे बाहेरचे पाहुणे कसे आणले, हे एका सदस्याने सांगितले. राज्याच्या उद्यानांत सूचनापत्र भरून डबा ठेवता येतो आणि खास संरक्षित नैसर्गिक क्षेत्रांत मात्र मनाई आहे, हा आधीपासून चालत आलेला दाखलाही मी पुढे ठेवला. साकवाखालच्या डब्याचा मालक कधीच दुसऱ्या राज्यात राहायला गेला होता, हेही तिथे आलेल्या खेळाडूंकडून कळले. परवान्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे आणि न झाल्यास डबा काढून घ्यावा, ही अट त्यातूनच आली. शेवटी बाई उठल्या आणि आपलाच ठराव मागे घेऊन त्यांनी अटींसह परवानगीचा ठराव मांडला. तो मंजूर झाला.

अधीक्षकांनी त्याला एक गोष्ट जोडली, जी माझ्या मागणीत नव्हती. ज्या उद्यानांकडे लोक फारसे वळत नाहीत तिथे विभागाने स्वखर्चाने काही डबे ठेवावेत, असे त्यांनी सुचवले. त्या बदल्यात खेळणाऱ्यांनी गार्लिक मस्टर्डचा निकाल लावायला यायचे कबूल केले. हे युरोपातून आलेले तण आमच्या रानफुलांची जागा बळकावते आणि बी धरण्याआधी, म्हणजे मे महिन्यातच, मुळासकट उपटून पिशव्यांत भरून न्यावे लागते. डबे शोधता शोधता कचरा उचलण्याची मोहीम हे लोक २००२ पासून जगभर चालवतात, त्यामुळे त्यांना यात नवे काही वाटले नाही. मेपलच्या खोडातला डबा काढल्यानंतर त्याभोवतीची जागाही त्यांनीच दोरी लावून बंद केली.

आता प्रत्येक अर्ज माझ्याकडे येतो आणि जागा पाहायला बाई माझ्याबरोबर येतात. झाडीतली जागा असेल तर खूण पुरेशी नेमकी आहे ना, हे त्या स्वतः शोधून पाहतात. गेल्या आठवड्यात त्यांनी एक जागा नाकारली आणि वीसेक पावलांवर, वाटेच्या दिशादर्शक खांबापाशी दुसरी सुचवली. अर्जदाराने ती मान्य केली, आणि त्या डब्याचा बिंदू मी नकाशावर चढवला आहे.