दिलेला सन्मान, काढून घेतलेला सन्मान

समाजकार्याच्या शिक्षणातील योगदानाच्या गौरवाचा विषय निघाला की मला बर्लिनच्या आलिस सालोमन आठवतात. शालान्त परीक्षेचे रीतसर प्रमाणपत्र हाती नसताना, स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावतीच्या कारणांवर प्रबंध लिहून त्यांनी १९०६ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि दोनच वर्षांनी मुलींसाठी समाजकार्याची शाळा काढली. १९२९ मध्ये देशोदेशीच्या अशा शाळांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, तेव्हा अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. (आपल्याकडे मुंबईत नागपाड्याला टाटांच्या देणगीतून अशी शाळा सुरू झाली ती १९३६ मध्ये.)

साठाव्या वर्षी, १९३२ मध्ये, बर्लिन विद्यापीठाने त्यांना वैद्यकशास्त्राची मानद डॉक्टरेट दिली. पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले. जन्माने ज्यू असल्याने त्यांची पदे गेली, १९३७ मध्ये त्यांना देश सोडावा लागला आणि १९३९ मध्ये नागरिकत्वाबरोबर दोन्ही डॉक्टरेटही काढून घेण्यात आल्या. म्हणजे कष्टाने लिहिलेला तो वेतनावरचा प्रबंधसुद्धा जणू कधी लिहिलाच गेला नव्हता! या कोडगेपणाची मला आजही चीड येते. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे निधन झाले. त्यांची शाळा आज बर्लिनमध्ये त्यांच्याच नावाने चालते.