पार्ट टूचा नकाशा सुटायला लागला

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या लिस्निंगच्या पार्ट टूमध्ये ऐकून नकाशावरच्या जागा ओळखायच्या असतात. त्या नकाशात सहापैकी पाच आले! मागच्या वेळी लिहिलं होतं तेच जुनं दुखणं: पार्ट वनमधली स्पेलिंग, 'डबल टी', फोन नंबर सगळं पक्कं, पार्ट फोरचं लेक्चरही आवाक्यात, आणि मध्येच हा नकाशा मार्क गिळून बसायचा. एनएमसीसाठी, म्हणजे यूकेत नर्सची नोंदणी करणाऱ्या संस्थेसाठी, लिस्निंगला सात बँड लागतात, म्हणजे ४० पैकी साधारण ३० बरोबर. नकाशा अख्खा गेला तर पार्ट थ्रीमध्ये चुकायला फारशी जागा उरत नाही.

अडचण शब्दांची नव्हती. कार पार्क, कॅफे, पाँड सगळं स्वच्छ ऐकू यायचं, तरी उत्तर शेजारच्या चौकोनात पडायचं. म्हणून केंब्रिजच्या सराव पुस्तकातला एकच नकाशा घेतला, ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये वाक्यावाक्याचे तुकडे केले आणि ट्रान्सक्रिप्ट न उघडता ऐकेन तसं लिहून काढलं. मग ताडून पाहिलं. खुणेचं नाव दर वेळी बरोबर, आणि तिच्या आधीचं सगळं पुसट. 'जस्ट पास्ट द कॅफे' (कॅफेच्या जरा पलीकडे) यातलं 'कॅफे' तेवढं हाती लागलेलं. 'पास्ट'मधला शेवटचा ट बोलणारा उच्चारतच नाही, शब्द थेट पुढच्या 'द'ला चिकटतो.

माझ्या मते याचं मूळ आपल्या रस्ता सांगण्याच्या सवयीत आहे. आपण आधी खूण सांगतो आणि मग जागा, जसं आमच्या साताऱ्यात: पोवई नाक्याच्या अलीकडे, राजवाड्याच्या समोर. त्यामुळे कान खुणेची वाट बघत बसतो. इंग्रजीत खूण येईपर्यंत अलीकडे-पलीकडे सांगून झालेलं असतं, तेही घाईघाईत. आणि ऑडिओ एकदाच लागतो.

यावर सराव असा केला: तुकडा लावायचा आणि कागदावर फक्त बाण काढायचा. पुढे, मागे, समोर, कोपऱ्यात. खुणेचं नाव लिहायचंच नाही, ते नकाशावर छापलेलं असतंच. सुरुवातीला डोकं भणभणतं, पण चिकाटीनं केलं की खूण कानावर पडायच्या आत हात हलायला लागतो. परवाच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, एक छान ट्रॅप होता. बोलणारी बाई आधी म्हणते, दुकान पूर्वी गेटजवळ होतं, आणि त्याच दमात नवी जागा सांगते. माझी पेन्सिल गेटवर टेकलेली होती, ती उचलली गेली आणि बरोबर तळ्याच्या पलीकडच्या चौकोनावर गेली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

साधनांबद्दल दोन शब्द. कॉम्प्युटरच्या आवाजातले फुकटचे नकाशे असतात, त्यांच्या नादी लागू नका. तो आवाज प्रत्येक शब्द सारख्याच जोरानं म्हणतो, म्हणजे नेमकं जे ऐकू येत नाही त्याचा सराव होतच नाही. सव्वापट वेगाचाही इथं उपयोग नाही. छोटा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकणं जास्त कामाचं. माझी परीक्षा कॉम्प्युटरवर आहे, शेवटी तपासायला फक्त २ मिनिटं मिळतात, त्यामुळे जागा तिथल्या तिथेच धरली पाहिजे.

चुकलेला सहावा प्रश्न दिशेचा होता, 'नॉर्थ-ईस्ट कॉर्नर'. पुढच्या आठवड्यात पार्ट थ्रीचं मॅचिंग, म्हणजे पर्याय जुळवायचे प्रश्न, घेणार होते, पण हे लिहिता लिहिताच एक सुचलं. साताऱ्यात अजिंक्यतारा दक्षिणेला. नकाशावर उत्तर दिशा वर असेल तर किल्ला तळाशी येतो, पोवई नाका उजव्या हाताला आणि राजवाडा डाव्या. मग प्रत्येक नकाशावर आधी मनातल्या मनात सातारा ठेवायचा! ईशान्य म्हणजे किल्ल्याकडे पाठ करून नाक्याच्या अंगाला. हिशेब करावाच लागत नाही.

तेव्हा मॅचिंग लांबणीवर. ड्युटी सुटली की नाक्यावरून वरच्या रस्त्यानं मोती चौकापर्यंत चालत जाणार, आणि दिसेल त्या दुकानाची जागा इंग्रजीत मोठ्यानं सांगत जाणार, आधी जागा, मग खूण, आणि 'पास्ट'चा ट गिळून. सोबत वॉर्डातल्या ताईंना नेणार आहे. त्यांचा पार्ट थ्री पक्का आहे, नकाशा अडलाय. चालताना मी त्यांना दिशा देईन आणि त्या मला मॅचिंगमध्ये पर्याय कसे खोडतात ते दाखवतील. तुमच्यापैकी कुणी मॅचिंगचेही असे तुकडे पाडून पाहिले असतील तर सांगा, किती लांबीचे ठेवले ते मला हवंय.